बिनपायरीच्या घराचा दलाल

आमच्या भाड्याच्या घराच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या. राहायला गेलो तेव्हा मी त्या मोजल्या नव्हत्या, नवऱ्याला लकवा मारल्यावर मोजल्या. खाली धान्याचं दुकान, वर आम्ही. गोंदियात भाड्यानं राहायचं तर बहुतेक असंच असतं. खालचा मजला दुकानाचा नाहीतर घरमालकाचा, आणि भाडेकरू वर. खालचं एखादं घर रिकामं असलंच, तर घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर मालकीणबाईंची बहीण नेमकी पुढच्या महिन्यात राहायला येणार असते. अशा पाच बहिणींबद्दल मी ऐकलं. आलेली एकही पाहिली नाही.

नवरा एसटीत ड्रायव्हर होता. गोंदियाहून गोरेगाव, कोहमारा, केशोरी, सगळे रस्ते त्याच्या पायाखालचे. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण. माझी बदली होईल तिथे दोन खोल्या घ्यायच्या आणि तो ड्युटी संपली की येईल तेव्हा येईल, असा आमचा संसार झाला. स्वतःचं घर हवं असं कधी वाटलंच नाही. तो निवृत्त झाला आणि त्याच हिवाळ्यात त्याची उजवी बाजू गेली. दवाखाना जवळ पडावा म्हणून आम्ही गोंदियात आलो आणि मिळालं ते घर घेतलं. मी तिथून रोज गोरेगावच्या बसनं शाळेत जाऊ लागले.

बोलणं त्याचं लवकर परत आलं. हात अर्धा आला. पाय जमिनीवरून फारसा उचलत नव्हता, पण सपाट जागेवर काठी घेऊन तो एकटा चालायचा. जिना मात्र त्याला जमत नव्हता. दवाखान्यात न्यायचं तर खालच्या दुकानातले पोती वाहणारे चार हमाल वर यायचे आणि त्याला खुर्चीसकट उचलून खाली न्यायचे. माणसं भली होती, पैसे घ्यायची नाहीत, वर थट्टामस्करी करायची. तो डोळे मिटून घ्यायचा. तिसऱ्या वेळेनंतर तो मला म्हणाला, "मी का तांदळाचा कट्टा होय? मले नाही जायचा आता दवाखान्यात."

त्यानंतर सात महिने तो खाली उतरला नाही. खिडकीशी बसायचा. माझी शाळेची बस चुकली की मला कळायच्या आधी त्याला कळायचं.

त्याला काही फार नको होतं. स्वतःच्या पायानं दाराबाहेर पडायचं आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर उभं राहून चहा प्यायचा, बस. हे मला त्याच्यापेक्षा जास्त हवं होतं असं आता वाटतं. शाळेतून आल्यावर मी जिन्याच्या तळाशी उगाच पिशवी चाचपत उभी राहायचे. वर तो खिडकीतून तोंड वळवून माझ्याकडे बघणार, आणि दिवसभराचं सगळं मीच सांगायचं. मी थकले होते, हे सरळच सांगते. भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढायचे आणि एक घर घ्यायचं असं मी ठरवलं. अट एकच होती. घराला पायरी नको.

घर घ्यायचं म्हणजे दलाल आलाच. शाळेतल्या एका मॅडमनं एकाचा नंबर दिला. तिच्या दिराला त्यानं प्लॉट मिळवून दिला होता. त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते मोटारसायकलवर, आणि नंतरही क्वचितच खाली उतरलेलं पाहिलं. चाळिशीचा, तोंडात सतत काहीतरी, बोलणं निम्मं हिंदी. "मॅडम, आप टेन्शन मत लो," हे त्याचं पहिलं वाक्य. त्या दिवशी रविवार होता. मला मागे बसवून त्यानं अख्खं गाव फिरवलं. एखाद्या गल्लीत गाडी हळू करायचा आणि बोट दाखवायचा. "ये भी है. वो हरे गेटवाला भी है. वो कोनेवाला, उसका मालिक रायपूर में रहता है." आत जायचं नाही, दार वाजवायचं नाही. दोन तासांत त्यानं मला पंधरा-वीस घरं दाखवली असतील. मी मागे बसून पदर सांभाळत हो हो म्हणत होते. घरं बघितली असं मला तेव्हा वाटलंच नाही. रविवारची फुकट गेलेली सकाळ, एवढंच वाटलं.

त्या बोटाची किंमत मला नंतर कळली.

पुढच्या आठवड्यात त्यानं हिरव्या गेटचं घर आतून दाखवलं. दाराला चार पायऱ्या होत्या. मी म्हटलं, "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" तो म्हणाला, "चार तो सबके घर को रहती है मॅडम. एक रॅम्प डाल देंगे." रॅम्प टाकायला जागा कुठे होती? दारासमोर नाली, नालीपुढे रस्ता. मी मागची खोली बघायला आत गेले तेवढ्यात तो अंगणात फोनवर मालकाशी बोलला. आवाज खाली करायची त्याला गरजही वाटली नाही. "पार्टी जरुरतवाली है भाईसाब. आदमी बीमार है घर में. कम मत करना."

मी बाहेर आले आणि त्याला विचारलं, तुम्ही नेमके कोणाचे? माझे की त्यांचे?

त्याला राग आला नाही. नवलच वाटलं. "दोनों पार्टी अपनी ही है मॅडम," तो म्हणाला. दलाली दोन्हीकडून घेतो तर दोन्हीकडचाच, यात लपवण्यासारखं काय, असा त्याचा चेहरा होता. खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. गावात सगळे असेच काम करतात. विकणारा गरजू असला की घेणाऱ्याला सांगायचं, घेणारा गरजू असला की विकणाऱ्याला. पण माझ्या घरातलं आजारपण असं अंगणात उभं राहून विकलेलं ऐकून मला जे वाटलं, ते मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच.

मला माझ्या बाजूचा माणूस हवा होता. दोन्हीकडचा नको. ही मागणी गोंदियात मी ज्याच्याकडे केली तो हसला. एकानं विचारलं, तुम्हाला वकील पाहिजे का? शेवटी रजिस्ट्रीच्या ऑफिसबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनवीसाचं नाव निघालं. लोकांचे अर्ज आणि खरेदीखतं लिहून द्यायचा त्याचा धंदा. जोडीला थोडी दलाली करायचा, पण ती एकाच बाजूची, असं लोक सांगायचे, आणि सांगताना जरा हसायचे. त्याच्याकडे गिऱ्हाइकं फार नव्हती हे त्याच्या चपलेवरूनच दिसत होतं.

तो घरी आला. सत्तरीचा माणूस, एकोणीस पायऱ्या चढून वर आला आणि धाप लागल्यामुळे आधी पाणीच मागितलं. मग माझ्याशी एक शब्द न बोलता खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसला. इतक्या महिन्यांत घराच्या कामासाठी आलेल्या कोणीच नवऱ्याशी बोललं नव्हतं. सगळे माझ्याशीच बोलायचे, तो खोलीत नसल्यासारखे.

"पाय कितीक उचलते भाऊ?" त्यानं विचारलं.

नवऱ्यानं खांदे उडवले. मग म्हाताऱ्यानं मला पाट मागितला. जेवायला बसायचा साधा पाट. तो जमिनीवर ठेवून म्हणाला, "चढा." नवरा काठी टेकत उठला आणि चढला. म्हाताऱ्यानं त्यावर दुसरा पाट ठेवला. तो जमला नाही. पाऊल पाटाच्या कडेला अडकलं आणि मी धावत जाऊन दंड धरला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "झाला. मले समजला. एका पाटाच्या वर नाही पायजे." मग दोघं अर्धा तास एसटीबद्दल बोलत बसले. केशोरीच्या रस्त्यावरचा कुठलासा वळणाचा पूल दोघांना माहीत होता. नवऱ्यानं त्या दिवशी जेवताना दोनदा भात मागून घेतला, मला आठवतं.

मी ठरवलं, हाच आपला दलाल. जाताना तो दारात मला म्हणाला, "बाई, मी एकाच बाजूचा मानूस. पन मंग मी जे नाही म्हनीन ते नाही. घाई कराची नाही."

घाई मला होती, आणि नाही म्हणण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. एक घर चांगलं होतं पण जमिनीचा अकृषक आदेशच निघालेला नव्हता, म्हणजे कागदावर ते अजून शेत होतं. एका घराच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदावर, तीन भावांची नावं होती आणि विकायला एकटाच निघाला होता. एकाची पायरी एकच होती, पण त्यानं खिशातून टेप काढून मोजली आणि मान हलवली. "दीड पाट आहे." मी म्हटलं, काका, अर्ध्या पाटाचं करू काहीतरी. तो म्हणाला, "अर्ध्या पाटावरच पडते मानूस."

तो बरोबर होता हे मला तेव्हाही समजत होतं. पण बरोबर माणसाबरोबर रोज चालून माणूस किती थकतो, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. शाळा सुटली की गोरेगावच्या स्टँडवर बसची वाट बघायची, गोंदियात उतरून त्याच्या टेबलाशी जायचं, तो चष्मा पुसत म्हणणार, "नाही बाई, आज नाही." मग भाजी घ्यायची आणि एकोणीस पायऱ्या चढायच्या. वर नवरा काही विचारायचा नाही. न विचारण्याचाही त्रास होतो.

मार्चच्या शेवटी मी एकटीच फिरत होते. दलालांशिवाय, पायी. रेल्वेलाइनीच्या पलीकडच्या जुन्या वस्तीत एका गल्लीत शिरले आणि एका घरापुढे थांबले. त्याला पायरी नव्हती. एकही नाही. सिमेंटचा रस्ता संपत होता तिथे ओटा सुरू होत होता आणि ओटा संपत होता तिथे दार. नालीवर फरशी टाकलेली. काठीवाला माणूस झोपेतसुद्धा बाहेर पडला असता. घराच्या दर्शनी भिंतीला गुडघ्यापर्यंत नवीन टाइल्स लावलेल्या, निळ्या फुलांच्या. मला त्या फार आवडल्या. कोपऱ्यावर टपरी, टपरीशेजारी गॅरेज, गॅरेजपुढे एक जुना ट्रक उभा. आमच्या माणसासाठी सगळं जगच एका गल्लीत मांडून ठेवल्यासारखं. मी तिथे उभी राहून चक्क रडले. डोळे पुसताना लक्षात आलं की हे घर आपण आधी पाहिलंय. कोनेवाला. मालक रायपूरला. मोटारसायकलवरून दाखवलेलं.

मी धावतच अर्जनवीसाकडे गेले. गल्ली सांगितली, घर सांगितलं. त्याचा चेहरा काही बदलला नाही.

"कोनं दाखवला?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही असेल असं मला वाटलंच नाही. रविवारची फेरी, बोट, सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मंग तो त्याचाच सौदा होय बाई. मी त्यात नाही पडत."

दलालांचा नियम मला तेव्हा कळला. ज्यानं आधी दाखवलं त्याचं गिऱ्हाईक. आतून दाखवलं की रस्त्यावरून, ते कोणी विचारत नाही. बोट दाखवलं, तुम्ही बघितलं, झालं. पुढे त्या घराच्या बाबतीत दुसरा दलाल तोंड उघडत नाही, चांगलंही बोलत नाही आणि वाईटही नाही. मोटारसायकलवाल्यानं एका सकाळीत अर्धं गाव माझ्या नावावर स्वतःचं करून टाकलं होतं, आणि मी मागे बसून हो हो म्हटलं होतं.

"मी नव्हतं बघितलं ते," मी म्हटलं. "गाडीवरून बघणं हे काय बघणं झालं? तुम्ही माझ्या बाजूचे ना?"

"आहो ना. या घरात नाही."

"निदान घर कसं आहे ते तरी सांगा. तुम्हाला माहीत असेल."

कोणाचा तरी अर्ज समोर अर्धा लिहिलेला होता, त्यावरची धूळ त्यानं बोटानं झटकली. मग म्हणाला, "पावसाळ्यात पायला का?"

"आता मार्च आहे काका."

"मंग पावसाळा होऊन जाऊ द्या. एवढाच म्हनतो मी."

पावसाळा होऊन जाऊ द्या म्हणजे सप्टेंबर. आणखी सहा महिने. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या मनात जे आलं ते आज लिहायला लाज वाटते. मला वाटलं, म्हाताऱ्याची दलाली बुडतेय म्हणून हा आडवा येतोय. अडीच महिने नाही नाही म्हणून मला हिंडवलं, आणि आता मीच घर शोधलं तर याच्या पोटात दुखतंय. मी त्याला तसं म्हटलं नाही, पण उठताना खुर्ची जरा जोरातच सरकवली. तो अर्ज पुढे लिहायला लागला.

मोटारसायकलवाला एका दिवसात हजर झाला. "मैंने तो पहले ही दिखाया था मॅडम," हे त्याचं पहिलं वाक्य. कागद स्वच्छ होते, तेवढं बघायला मी म्हाताऱ्याकडून शिकले होते आणि स्वतः तपासलं. पुढे बयाना, रजिस्ट्री, सगळं भरभर झालं. मे महिन्यात आम्ही राहायला गेलो. हमालांनी नवऱ्याला शेवटचं खुर्चीत बसवून खाली आणलं. त्या दिवशी त्यानं डोळे मिटले नाहीत.

नव्या घरातले पहिले दोन महिने मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी दुपारी चारला तो उठला, काठी घेतली, दार उघडलं आणि बाहेर गेला. मी मागे जाणार होते. त्यानं हातानंच नको म्हटलं. मी दारात उभी राहून बघत राहिले. टपरीपर्यंत त्याला दहा मिनिटं लागली. गॅरेजवाल्यानं त्याला स्टूल दिलं. तासाभरानं परत आला तेव्हा शर्टावर चहा सांडलेला होता, आणि तो धुवायला टाकायची घाई त्यानं केली नाही. मग रोजचंच झालं. गॅरेजमध्ये येणारे ड्रायव्हर त्याला ओळखू लागले. गाडीचा आवाज ऐकून काय बिघडलं ते सांगायचा म्हणे, आणि बरोबर निघायचं. मी शाळेतून येते तो घराला कुलूप. कुलूप बघून इतकं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं.

अर्जनवीसाच्या टेबलापुढून जाताना मी दुसऱ्या बाजूनं जायचे.

ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी नालीवरची फरशी हलली, मग ओट्यावर पाणी आलं, आणि मग ते दारातून सरळ आत आलं. त्याला अडवायला काही नव्हतंच. नालीचं काळं पाणी, घोट्याच्या वर. नवरा पलंगावर पाय वर घेऊन बसला आणि मी तांदळाचे डबे, शाळेचे कागद, गॅसची टाकी, जे उचलता येईल ते उचलत होते. रात्री ओसरलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा आलं.

पलीकडच्या घरातल्या बाई चहा घेऊन आल्या. त्यांच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. "तुमाले कोनी सांगतलं नाही का?" त्या म्हणाल्या. "तीनदा रस्ता केला. दरवेळी जुन्यावरच नवा टाकते. पयले या घराले बी तीन पायऱ्या होत्या. आमी घर उंच करून घेतलो. याचा मालक रायपूरले, त्यानं ओल झाकाले टाइल्स लावून घेतल्या." मी त्या निळ्या फुलांच्या टाइल्सकडे बघितलं. त्यांच्या वरच्या कडेपर्यंत ओल चढली होती. पायऱ्या रस्त्याखाली गाडल्या गेल्या होत्या, आणि मी त्या नाहीत म्हणून आनंदानं रडले होते.

मी मोटारसायकलवाल्याला फोन केला. भांडायची पूर्ण तयारी केली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, बिना सीढी का तो आपने ही माँगा था." मी फोन ठेवला.

मग अर्जनवीसाकडे गेले. पाऊस थांबला होता, झाडाखाली चिखल होता, त्यानं टेबलाचे पाय विटांवर चढवले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग सरळ का नाही सांगितलं?"

"सांगलो ना बाई. पावसाळ्यात पाहा म्हनलो."

"एवढंच? घरात पाणी येतं, एवढे तीन शब्द बोलायला काय झालं होतं?"

"दुसऱ्याचा सौदा मोडला का मंग गावात कोनी बसू देत नाही बाई. मले इथंच बसाचा आहे." त्यानं टेबलाखालची एक वीट पायानं सरळ केली. "माह्या तोंडून जेवढा निघत होता तेवढा मी काढलो. मले वाटला मास्तरीन बाई आहे, समजन."

मला चीड आली. त्याची आली, मोटारसायकलवाल्याची आली, रस्ता करणाऱ्यांची आली. पण परत येताना चालता चालता ती चीड कुठेतरी गळून गेली आणि नुसता थकवा राहिला. त्याच्या धंद्यात एवढं बोलणंसुद्धा धोक्याचं होतं, आणि तेवढं तो माझ्यासाठी बोलला होता. ऐकून घेण्याइतकी शक्ती माझ्यात नव्हती. सगळ्या गोंदियात मी माझ्या बाजूचा एकुलता एक माणूस शोधला आणि मला हवं ते तो बोलला नाही तेव्हा त्याची बाजू सोडली.

घर उंच करून घेण्याइतके पैसे उरले नव्हते. गवंड्यानं स्वस्तातला उपाय सांगितला. दोन्ही दारांत आडवी विटांची भिंत घालायची, गुडघ्याला लागेल एवढी, वरून प्लास्टर. पाणी बाहेरच राहील. गल्लीच्या टोकाच्या दोन घरांनी तसंच केलं होतं. मी हो म्हटलं. विचार करण्यासारखं काही होतं असं मला वाटलं नाही. घर वाचवायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. शाळेला मी रजा टाकली आणि गवंडी सकाळीच कामाला लागला.

समोरच्या दारातली भिंत दुपारपर्यंत वीतभर झाली. नवरा खुर्चीत बसून बघत होता. त्याला विचारावं हे मला सुचलं नव्हतं. चार वाजले तसा तो उठला, काठी घेतली आणि दाराशी गेला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. त्यानं डावा पाय कसाबसा पलीकडे टाकला. उजवा उचलायला गेला तो ओल्या विटेला घासला आणि तिथेच राहिला. एक पाय आत, एक बाहेर. गवंड्यानं हातातली थापी टाकून त्याला धरलं.

मी पोचेपर्यंत त्यानं पाय आत घेतला होता. चौकटीला धरून उभा होता, कपाळाला घाम. माझ्याकडे न बघता तो गवंड्याला म्हणाला, "काढ हे."

"पाणी येईल पुन्हा," मी म्हटलं. "मागच्या वेळी काय झालं ते बघितलंत ना? कोण उपसणार ते?"

"येऊ दे," तो म्हणाला. "पानी सालात चार दिवस येते. मी रोज जातो."

गवंडी थापी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. घर माझ्या नावावर होतं, पैसे मी देणार होते, त्याला माझंच ऐकायचं होतं. सिमेंट अजून ओलं होतं. मी त्याला म्हटलं, काढा.